पक्ष्यांची संख्या आणि गणिताची भीती

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला बदके व इतर रानपक्ष्यांच्या संख्येतील चढउतारांचा अभ्यास करायचा आहे, गणित मात्र तिने केव्हाच सोडले आहे, आणि ‘पक्षी मोजून पोट भरेल का’ अशी आपली शंका आहे. गणिताचा विषय आधी घेतो, कारण पोटाचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे.

पक्षी ओळखता येणे ही या क्षेत्रातली केवळ सुरुवात असून खरे काम न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशेब लावण्याचे असते. काही पक्षी पकडून, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडायचे आणि पुढे त्यांतले किती पुन्हा सापडतात यावरून एकूण संख्येचा व वर्षभर जगण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधायचा, ही त्यामागची मूळ कल्पना. फ्रेडरिक लिंकन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये उत्तर अमेरिकेतील बदकांसाठी ती वापरली. संख्याशास्त्राशिवाय या वाटेने दोन पावलेही टाकता येत नाहीत.

शिकारीत मेलेले बदक एरवीही त्या वर्षी मेलेच असते का, हा या क्षेत्रातला मला सर्वांत रोचक वाटणारा प्रश्न. काही मर्यादेपर्यंत तसे घडत असावे, असा निष्कर्ष अँडरसन आणि बर्नहॅम या संशोधकांनी १९७६ मध्ये मॅलार्ड बदकांच्या नोंदींवरून काढला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत १९९५ पासून बदकांच्या शिकारीचे नियम अशाच गणिती प्रारूपांच्या आधारे ठरतात. त्यामुळे सरकारी वन्यजीव विभाग, विद्यापीठे व संवर्धन संस्थांना असे अभ्यासक लागतात. तरीही कायम जागा थोड्या, सुरुवात बहुधा मुदतीच्या प्रकल्पांवर आणि स्वतंत्र संशोधनासाठी पीएच.डी. जवळपास अटळ, हे आपण गृहीत धरावे. दिलासा एवढाच, की जगण्या-मरण्याच्या शक्यतांचे हे गणित वैद्यकीय संशोधनात आणि विमा व्यवसायातही उपयोगी पडते.

तिने याच वर्षी संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम घ्यावा, ‘आर’ ही संगणकभाषा शिकावी आणि एखाद्या हंगामात प्रत्यक्ष गणनेला जावे. पहाटेच्या चिखलापेक्षा संगणकासमोरचे तास जास्त असतात, हे तेव्हा तिच्याही ध्यानात येईल. पुढे मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे किती वर्षांच्या सलग नोंदी आहेत, हे अवश्य विचारावे. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून चालू आहे, आणि एक-दोन वर्षांच्या मोजणीतून चढउतारांची कारणे सहसा हाती लागत नाहीत.