गाडीवाल्यांसाठी पेलेट शेगडी बनवताय? आधी पेलेटचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये सातपूरला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, व्यावसायिक सिलिंडर परवडत नाही म्हणून ओळखीचे गाडीवाले कुरकुरतात, तर त्यांच्यासाठी पेलेटवर, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांवर, चालणाऱ्या शेगड्या काढाव्यात का? मी अंबडला बरीच वर्षं हॉटेलच्या भट्ट्या आणि तवे बनवतो, त्यात बायोमासच्या शेगड्याही आल्या. माझं म्हणणं, जरूर काढा. पण पत्रा कापायला घेण्याआधी पेलेट कुठून, काय भावाने आणि पावसाळ्यातही मिळणार का, हे पक्कं करा. शेगडी एकदा विकली जाते, इंधन रोज लागतं. पेलेट संपले की गाडीवाला दुसऱ्या दिवशी गॅसवर जातो आणि तुमची शेगडी गाडीखाली गंजत पडते. भंगारात गेलेल्या अशा शेगड्या मी पाहिल्यात, त्यातल्या कित्येक उत्तम बनवलेल्या होत्या.

हिशेब असा मांडा. किलोभर एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते, किलोभर पेलेटमध्ये १६-१७. त्यातली भांड्याला लागते किती? गॅसच्या शेगडीत सुमारे ६० टक्के, पंख्याच्या चांगल्या पेलेट शेगडीत ३५. म्हणजे एक किलो गॅसच्या कामाला पावणेपाच किलो पेलेट जातात आणि १९ किलोच्या सिलिंडरला साधारण ९० किलो. सिलिंडर १,९०० रुपये धरला तर गॅस पडला १०० रुपये किलो, आणि २० रुपयांच्या आसपास पेलेटची बरोबरी झाली. (भाव रोज बदलतात, आजचे घालून बघा.) बरोबरीवर कुणी बदलत नाही, कारण राख काढायची, पोती सांभाळायची कटकट गाडीवाल्याच्याच गळ्यात. तिसरा हिस्सा तरी वाचला पाहिजे. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बरेच जण घरगुती लाल सिलिंडर वापरतात. ते बेकायदा आहे, पण स्वस्त आहे, त्यामुळे त्यांना तुमची बचत दिसणारच नाही. निळा, म्हणजे व्यावसायिक सिलिंडर घेणाराच तुमचा गिऱ्हाईक.

नाशिकला कच्चा माल आहे, पण प्रत्येकाची खोड वेगळी. घोटी-इगतपुरीच्या भातगिरण्यांचा तूस भरपूर, पण त्याला राख १५ ते २० टक्के, वर त्यात सिलिका. जाळीवर खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो, हवा तुंबते आणि ऐन गर्दीत शेगडी धुरावते. लाकडाच्या भुशाचे पेलेट महाग पडतात, पण हातगाडीवर तेच चालवा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या काड्या सगळ्यांना सुचतात. त्या मिळतात एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला, मग वाळवणं, साठवणं आलं. शिवाय द्राक्षावर फवारण्या फार होतात. तपासणी केल्याशिवाय मी त्या काड्या खाण्याच्या कढईखाली जाळणार नाही. पेलेटचं मशीन सुरुवातीला घेऊच नका, तयार माल घ्या. पावसाळ्यात पोती फळीवर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. ओल लागली की पेलेटचा परत भुसा होतो.

आता गिऱ्हाईक कोण? पेलेटची शेगडी पेटायला वेळ घेते आणि नॉब फिरवून विझत नाही. म्हणून चहाची टपरी, डोशाचा तवा, चायनीजची गाडी आत्ता सोडा, त्यांना क्षणात जाळ कमी-जास्त लागतो. पाववडा-भजीची कढई संध्याकाळभर सलग तापलेली असते, तिथून सुरुवात करा. दुसरे मिसळवाले. रस्सा तासन्‌तास मंद आचेवर असतो, जागा पक्की असते, पोती ठेवायला आडोसा असतो.

शेगडीबद्दल दोन गोष्टी, ज्या ड्रॉइंगवर कळत नाहीत. खालून येणाऱ्या हवेवर पेलेट धुमसतात आणि त्यातून वायू निघतो, तो जळतो वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेवर. ज्योत पिवळी, लांब आणि टोकाला काळी दिसली तर वरची हवा कमी पडतेय, पंखा वाढवून उपयोग नाही, भोकं बघा. आतला ड्रम ३०४ स्टेनलेस स्टीलचा केलात तर रोजच्या जाळाने तो वाकडा होतो. ३१० घ्या किंवा कास्टेबलचं (भट्टीत लावतात त्या उष्णतारोधक काँक्रीटचं) अस्तर द्या. जाळी बीडाची, आणि वेल्ड न करता सुटी ठेवा, ती बदलावी लागणारच.

पंखा १२ व्होल्टचा, बॅटरीवर. तो तेल गळणार नाही अशा बाजूला बसवा आणि प्रत्येक शेगडीसोबत एक जादा द्या. धंद्याच्या वेळी पंखा बंद पडला की गिऱ्हाईक धुराने उठून जातं, आणि ती बातमी कॉलेज रोडवरून पंचवटीला त्याच रात्री पोहोचते.

विकण्याआधी मोजा. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३५ टक्के कार्यक्षमतेला सुमारे २७० ग्रॅम पेलेट पुरतात. ४०० लागले तर डिझाइनवर परत बसा. पंख्याच्या शेगडीला आयएस १३१५२ या बायोमास शेगड्यांच्या भारतीय मानकातही किमान ३५ टक्केच सांगितलेत, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादा वेगळ्या आहेत. त्या प्रयोगशाळेतच तपासून घ्या. बंद शटरच्या आत ही शेगडी पेटवायची नाही, हे शेगडीवर ठळक लिहा आणि तोंडानेही सांगा. जळक्या इंजिन ऑइलच्या भट्टीबद्दलही विचारलंत. खाण्याजवळ ती नको. त्या तेलात धातूंचे अंश असतात. यात माझी तडजोड नाही.

पैशाचं थोडक्यात: लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट आहे. पीएमईजीपी ही केंद्राची अनुदानासह कर्जाची योजना नव्या युनिटसाठी आहे, तुमचं चालू आहे, म्हणून त्यावर विसंबू नका. गाडीवाल्याला पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांच्या योजनेतलं पहिलं कर्ज आता १५,००० पर्यंत मिळतं, तेव्हा शेगडीची किंमत त्याच्या बरीच आत ठेवा. मी तर डिपॉझिट घेऊन शेगडी द्या म्हणेन, पेलेट पोत्यामागे पैसे घेऊन पोहोचवा, दुरुस्ती त्यातच धरा. २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्ताच ढीगभर शेगड्या करून ठेवू नका. एका पाववड्याच्या गाडीवर अख्खा पावसाळा चालवा, रोजचे पेलेट आणि राख वहीत लिहा. ते आकडे आणि ज्योतीचा फोटो इथे टाका, भोकांचा माप-अंतराचा हिशेब मी त्यावरून सांगतो.