हिरडीला हात लावण्याआधी नस तपास

इंदूरला रामबागेत दातांचा दवाखाना उघडतोयस, ऐकून फार बरं वाटलं. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. बाकी तोंड ठीक, पण एकाच दाताजवळ हिरडी सुजलेली, पू येतोय, आणि प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजायची बारीक सळई, एकाच जागी अरुंद पण खोल जातोय, असा पेशंट आला की लगेच स्केलिंगला, म्हणजे दात खरवडून साफ करायला, बसू नकोस. ‘आजच साफ करून टाका’ असा आग्रह झाला तरीही. आधी थंड चाचणीने, म्हणजे दाताला गार लावून, दाताच्या आतली नस जिवंत आहे का बघ. मेलेल्या नसेचा संसर्ग मुळाच्या टोकातून किंवा बाजूच्या बारीक नलिकांतून निघून हिरडीच्या कडेने वाट काढतो. त्या वाटेत गटापर्चाचा पॉइंट, म्हणजे एक्स-रेत दिसणारी रबरासारखी बारीक काडी, अलगद सरकवून एक्स-रे काढ, उगम कळतो. तिथे मूळ खरवडलंस तर सिमेंटम, म्हणजे मुळावरचा पातळ थर, आणि मुळाला धरून ठेवणारे शाबूत राहिलेले तंतू जातात, मग हिरडी पुन्हा धरणार कशाला? ते नुकसान सहजी भरून येत नाही, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

रूट कॅनाल नीट कर. दोष नुसत्या नसेचाच असेल तर हिरडीतला तो खोल खळगा बहुधा आपोआप भरतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोज. खोली उरलीच तर हिरडीचे उपचार. आणि आधीच रूट कॅनाल झालेल्या दातात असा अरुंद खळगा सापडला, तर मूळ उभं तडकल्याची शंका घे.