बॉयलरचा नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) कमी करायचाय? आधी हवा बघा

एससीआरचं, म्हणजे धुरातला नॉक्स काढणाऱ्या यंत्रणेचं, कोटेशन इतक्यात मागवू नका. गॅसच्या बॉयलरमध्ये बहुतेक नॉक्स ज्योतीच्या उष्णतेतून होतो. साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या वर हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला जाऊन मिळतो. फर्नेस ऑइल नि कोळशात इंधनातला नायट्रोजनही भर घालतो, त्यामुळे शेजारच्या गॅसवाल्याच्या आकड्यांनी धास्तावू नका.

सुरुवात फ्लू गॅसमधल्या (चिमणीकडे जाणाऱ्या धुरातल्या) ऑक्सिजनपासून करा. गॅसला २-३ टक्के असला तर उत्तम. ६-७ दिसतोय आणि आयडी फॅन (धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) आहे? मग बाहेरची हवा कुठून शिरतेय ते आधी शोधा. दाराचं पॅकिंग गेलेलं असतं, आणि लोक बर्नर पिळत बसतात! बर्नरच्या टेक्निशियनला सोबत घेऊन हवा थोडी थोडी कमी करा. डोळा सीओवर (कार्बन मोनॉक्साइडवर). तो उसळला की लगेच मागे या.

हमखास होणाऱ्या चुका:
- ऑक्सिजन न लिहिता नुसता नॉक्सचा पीपीएम (दहा लाखांत किती भाग) लिहिणं. ६ टक्के ऑक्सिजनला १०० म्हणजे ३ टक्क्यांना १२०.
- फक्त फुल लोडवर ट्यूनिंग.

लो-नॉक्स बर्नर, फ्लू गॅस परत फिरवणं वगैरे नंतर. महिनाभर लॉगबुक नीट भरा, मग बोलू.