मी शॉपवर गेलो की सगळे गप्प होतात

‘मॅडम, मी शॉपवर पाय ठेवला की सगळे गप्प होतात.’

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत नव्याने लागलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत हे वाक्य येतंच. शॉप म्हणजे कारखान्यात जिथे मशिन चालतात आणि प्रत्यक्ष उत्पादन होतं ती जागा. कुणी डिप्लोमा करून सुपरवायझर झालेला असतो, कुणी बी.ई. होऊन ट्रेनी इंजिनिअर, तर कुणी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून एचआरला लागलेली. येताना तक्रार वेगळीच असते. झोप लागत नाही, सेकंड शिफ्टला निघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, नोकरी सोडावीशी वाटते. थोडं विचारत गेलं की खाली हेच निघतं. वरचे साहेब म्हणतात, ‘आधी माणसं ओळखा, मग प्रॉडक्शनचं बोला.’ माणसं कशी ओळखायची, ते मात्र कुणी सांगत नाही.

अशाच एका मुलाची गोष्ट सांगते, कारण त्यात बाकीच्यांची उत्तरंही बरीचशी येऊन जातात. वय पंचवीस, बी.ई. मेकॅनिकल, गाडीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीच्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशिनच्या विभागाला. त्याचं नाव सांगणार नाही. शॉपवर त्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात, आपणही साहेबच म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

साहेब मेहनती होता. माणसं ओळखायचं काम त्याने प्रोजेक्टसारखं अंगावर घेतलं होतं. एक्सेलची शीट होती, तिच्यात साठेक नावं आणि पुढे रकाने: गाव, शिक्षण, सर्व्हिस किती, मुलं किती, आवड काय, वाढदिवस कधी. वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकायचा. कॅन्टीनला मुद्दाम ऑपरेटर लोकांच्या टेबलावर ताट घेऊन बसायचा.

‘मग?’

‘मी बसलो की दोन मिनिटांत टेबल रिकामं. विचारलं तर म्हणतात, जेवण झालं साहेब. ताटात भात तसाच असतो. मला हे लोक आपलं मानतच नाहीत.’

‘नाही मानलं तर?’

‘तर मी फेल झालो ना मॅडम. ज्याचं माणसं ऐकत नाहीत तो कसला सुपरवायझर!’

मी त्याला लॅपटॉप बंद करायला सांगितला आणि म्हटलं, ‘आता त्या साठांपैकी कुणाही एका माणसाबद्दल मला सांग.’ तो बराच वेळ छताकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘एक सेटर आहेत, मशिनवर साचे बसवणारे. मामा म्हणतात सगळे. बावीस वर्षं सर्व्हिस. दोन मुली.’ हे तर रकान्यातलंच झालं. ‘मामा काम कसं करतात?’ असं विचारल्यावर साहेब अडकला. त्याच्या शॉपमध्ये दिवसातून कितीतरी वेळा डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलली जाते, आणि ती बदलताना त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही उभं राहून पाहिली नव्हती.

‘का नाही पाहिलंस?’

‘उभं राहिलो तर काहीतरी बोलावं लागेल. आणि मला प्रत्यक्ष डाय सेट करता येत नाही. ते त्यांना कळेल.’

इथे गोष्ट जरा थांबवते, कारण माणसं गप्प का होतात हे नीट समजून घेतलं पाहिजे. या मुलांना ते गप्प होणं स्वतःबद्दलचा निकाल वाटतं. खरं तर हातात वही घेतलेला साहेब मशिनपाशी उभा राहिला की गप्प बसायचं, हे कामगार त्या साहेबाच्या जन्माआधीपासून शिकलेला आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने स्टॉपवॉच लावून कामाच्या वेळा मोजल्या, त्यावर १९११ साली पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून जगभरच्या शॉपवर वही आणि घड्याळ यांचा एकच अर्थ आहे: आता टार्गेट वाढणार. त्यात आपल्याकडे एकाच लाइनवर परमनंट, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टवाला शेजारी शेजारी उभे असतात. कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला ‘तुझं गाव कुठलं, शिक्षण किती’ असं साहेबाने विचारलं, की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘माझा गेटपास बंद होणार का?’ हाच. पदवी झालेली असून बारावी सांगून लागलेली मुलं मी स्वतः पाहिली आहेत. ऑपरेटरच्या जागेवर कंपनीला जास्त शिकलेला नको असतो, हे त्यांना ठाऊक असतं. अशा मुलाला शिक्षणाचा रकाना भरायला लावणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. ज्याच्या हातात तुमची ओटी (ओव्हरटाइम) आणि रजा आहे, त्याने आपुलकीने विचारलेला प्रश्नही चौकशीच वाटतो.

याबाबतीत मला शिकागोजवळच्या हॉथॉर्नचा कारखाना नेहमी आठवतो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणारा. तिथे १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते: देखरेख कशी आहे, कामाची परिस्थिती कशी आहे. माणसं उत्तर देता देता भलतीकडेच जायची, घरच्या आजारपणाकडे, जुन्या अपमानाकडे. मुलाखत घेणाऱ्यांनी शेवटी शहाणपणा केला. ठरलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि कामगाराला जे बोलायचं ते बोलू दिलं. त्याच कारखान्यात पुढे एका खोलीत १४ जणांच्या गटाचं बरेच महिने निरीक्षण झालं. दिवसाला किती काम करायचं हे त्या गटाने आपापसात ठरवलेलं होतं, आणि त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर बाकीचे ठोसा मारायचे. म्हणजे तुम्ही शॉपवर यायच्या आधीच तिथे एक घर नांदत असतं. नव्या सुनेसारखं तुम्ही त्यात शिरता. पहिल्याच दिवशी कुणी तिजोरीची किल्ली देणार नाही, आणि दिली नाही म्हणून रडायचंही कारण नाही.

आता साहेबाकडे वळू. मी ज्या विचारसरणीत काम करते ती अल्बर्ट एलिस यांची, १९५५ पासून त्यांनी मांडत आणलेली विवेकनिष्ठ पद्धत. तिची परिभाषा इथे आणत नाही. आमच्यासारखे समुपदेशक माणसाच्या बोलण्यातला ‘च’ शोधत असतात, एवढं सांगितलं तरी पुरे. साहेबाच्या बोलण्यात तो जागोजागी होता. लोकांनी मला आपलं मानलंच पाहिजे. साहेबाला सगळं आलंच पाहिजे. मला येत नाही हे कळता कामाच नये. माणसं ओळखायची त्याची सगळी धडपड या तीन वाक्यांच्या चाकरीत होती. त्याला माणसांबद्दल कुतूहल नव्हतंच; त्याला त्यांच्याकडून सर्टिफिकेट हवं होतं. आणि समोरचा आपल्याकडे कशासाठी आला आहे, हे कष्टकरी माणूस फार लवकर ओळखतो.

म्हणून मी त्याला गृहपाठ दिला. पुढच्या भेटीपर्यंत कुणालाही घरचा एकही प्रश्न विचारायचा नाही. शीट उघडायची नाही. फक्त एक करायचं: मामांकडे जायचं आणि चार माणसांसमोर म्हणायचं, ‘मला डाय सेट करता येत नाही. दाखवाल का?’

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. ‘मॅडम, किंमत राहील का माझी?’

मग त्याला एलिस यांचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची. त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी मुलगी दिसली की जाऊन बोलायचंच. महिन्याभरात १३० जणींकडे गेले. ३० जणी सरळ उठून निघून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. त्यांतली एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. हिशेब केला तर पदरात शून्य. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणी किंचाळलं नाही, आणि भीती गेली ती गेलीच.

‘म्हणजे मामांनी नाही म्हटलं तरी चालेल?’ साहेबाने विचारलं.

‘नाही म्हटलं तर उत्तमच. काय होतं ते कळेल.’

पुढच्या भेटीला तो दारातूनच बोलत आत आला. ‘मॅडम, झाली फजिती.’ फर्स्ट शिफ्टला डाय बदलायची होती. मामा, हेल्पर आणि दोन ऑपरेटर होते. साहेबाने वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं. मामांनी मान वर न करता विचारलं, ‘का साहेब? पुस्तकात दिलं नाही का?’ सगळे हसले. हेल्पर तर तोंडावर हात ठेवून हसला.

‘मग तू काय केलंस?’

‘काय करणार? कान गरम झाले. पण तुमचं आठवलं. मी म्हटलं, पुस्तकात आहे मामा, पण पुस्तकात आवाज येत नाही.’

हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. याचा मला आजही आनंद वाटतो.

मामांनी मान वर केली. हातातला पाना हेल्परकडे दिला आणि साहेबाला जवळ बोलावलं. डाय बसवून झाली. पहिला पीस काढला, त्याच्या कडेवरून अंगठा कसा फिरवायचा ते दाखवलं. बर, म्हणजे कापलेल्या कडेवर राहणारा कंगोरा, कुठे लागते, किती लागली की डायमधला कापणारा पंच बोथट होत आलाय समजायचं, पत्रा जाड किंवा कडक आला की प्रेसचा आवाज कसा बदलतो. ‘डोळे मिटून ऐका साहेब,’ मामा म्हणाले. साहेबाने भर शॉपमध्ये डोळे मिटले. वीसेक स्ट्रोक ऐकले. त्याला फरक काही कळला नाही, आणि तेही त्याने सांगून टाकलं. यावर मामा म्हणाले, ‘मलाबी दोन वर्षं लागली.’

मी त्याला विचारलं, ‘सगळे हसले तेव्हा तू फेल झालास का?’

त्याने विचार केला. ‘हसले. बास. एवढंच झालं.’

या ‘एवढंच झालं’साठी मी इतक्या भेटी वाट बघत होते. लोकांना वाटतं, त्या दिवशी मामांनी शिकवलं म्हणून मुलगा सुधारला. माझं मत वेगळं आहे. मामांनी झिडकारलं असतं तरी तो सुधारला असता, कारण त्या हसण्यातून तो सुखरूप बाहेर पडला होता. चांगलं वागवलं जाणं हा नशिबाचा भाग असतो. वाईट वागवलं गेलं तरी आपण मोडत नाही, ही कमाई आपली असते.

आणि मग ओळख आपोआप होऊ लागली. कामाबद्दल विचारलं की माणूस खुलतो, कारण तिथे तो तुमच्यापेक्षा वरचढ असतो. दोन मुली हा रकाना साहेबाने कधीच भरला होता. थोरली नर्सिंगला आहे आणि तिच्या फीसाठी मामा ओटी सोडत नाहीत, हे आता त्यांनी स्वतःहून सांगितलं, तेही प्रेसला पाठ टेकून, समोर न बघता. बहुतेक पुरुष महत्त्वाचं बोलतात ते असंच, हाताला काम आणि नजर दुसरीकडे असताना. समोरासमोर खुर्च्या मांडून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणाऱ्या एचआरच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

आणखी थोडं सांगण्यासारखं आहे. शॉपवर खरा मान कुणाला, हे ऑफिसातल्या तक्त्यावरून कळत नाही. खंडेनवमीला मशिनना हार घालतात तेव्हा नारळ कुणाच्या हातात देतात ते बघा. उत्तरेकडची मुलं १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात, तिथेही जाऊन उभे राहा. बहुतेक मराठी साहेब जात नाहीत. कुणी काही सांगितलं तर ते लगेच लिहू नका आणि दुसऱ्या टेबलावर नेऊ नका. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमायला लावला, तेव्हापासून अनेक सुपरवायझर समजतात की माणसांचं बघणं हे त्या एका खुर्चीचं काम. पण ज्याच्या हाताखाली माणूस आठ तास उभा असतो, त्याच्याइतकं त्याला कुणी पाहू शकत नाही. बायकांना, विशेषतः लाइनवर एकट्याच असलेल्या नव्या सुपरवायझर मुलीला, वेगळी अडचण असते. तिने कॅन्टीनच्या टेबलापासून सुरुवात करूच नये. मशिनपासून करावी, आणि सर्वांदेखत करावी, म्हणजे चर्चेला जागा राहत नाही.

साहेब शेवटचा आला तो नवीनच तक्रार घेऊन. ‘मॅडम, आता लोक फारच सांगायला लागलेत. एकाने पाच हजार उसने मागितले. आणि मामांना माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचंय. नेमकी त्याच दिवशी कस्टमरची ऑडिट.’

‘मग?’

‘पैसे नाही दिले. कामगारांच्या पतसोसायटीचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगितलं. मामांनाही नाही म्हणालो. खरं कारण सांगून नाही म्हणालो.’

‘मामा काय म्हणाले?’

‘काहीच नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवीन डाय आली, तेव्हा हाक मारली.’

‘आणि ते दोन दिवस तुला कसं वाटलं?’

‘वाईट वाटलं. पण मॅडम, झोप लागली.’

पुढची भेट आम्ही ठरवली नाही. गुरुवारच्या सुट्टीची त्याची वेळ आता भोसरीहून येणाऱ्या एका मुलीला दिली आहे. तीही एक्सेल शीट घेऊनच आली होती.