रिव्हॉल्व्हरचा घोडा हळू चढवला की सिलिंडर पूर्ण लॉक होत नाही. हँड (सिलिंडरला ढकलून फिरवणारी पट्टी) बदलावा का?

सिलिंडरच्या सहाही घरांना (गोळी बसते ती भोकं) होतंय की एकदोनच? हे तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि सगळं तिथेच अडतं. सगळी घरं उशिरा बसत असतील तर संशय हँडवर. ठरावीक घरंच असतील तर आधी रॅचेटचे (सिलिंडरमागची दातेरी चकती, हँड तिलाच ढकलतो) त्या घरांचे दात बघा.

माझं दोन घरांना होत होतं. दुरुस्तीवाल्यांकडे नेलं. त्यांनी खटाखट सहा वेळा चाप ओढला आणि "ठणठणीत आहे, तुम्हाला खोडी काढायची सवय आहे" म्हणून परत दिलं. अहो, झटक्यात ओढल्यावर सिलिंडर स्वतःच्या वेगानेच जाऊन खाचेत बसतो. दोष झाकला जातो तो तिथेच! घरी मी मार्करने घरांना आकडे घातले, सिलिंडरवर बोट जेमतेम टेकवलं आणि अंगठ्याने घोडा सावकाश मागे घेतला. दोन आणि पाच नंबरला घोडा पूर्ण चढला तरी सिलिंडर अडकवणाऱ्या खटक्याचा 'टिक' नाही. सिलिंडर बोटाने केसभर सरकवला, तेव्हा कुठे टिक.

तरी त्यांच्या शब्दावर मी रेंजवर जात राहिलो, हा माझा मूर्खपणा. एकदा बाजूला उभ्या मित्राच्या गालाला शिशाचा कण लागला. पुंगळ्या बघितल्या तर काही प्रायमरवरचा (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) ठोका मध्यावरून सरकलेला. घर नळीच्या रेषेत नसलं की गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि शिसं तासून बाजूने उडतं.

म्हणून सांगतो, कोणी जोरात चाप ओढून 'ओके' म्हणालं तर हत्यार उचला आणि दुसरा कारागीर गाठा. कानस स्वतः हातात घेऊ नका. हँड घासला की उशीर वाढतो, कमी होत नाही.

हो, त्याआधी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणारा भाग) चांदणीखाली जळकी दारू अडकलीय का ते ब्रशने साफ करून बघा. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं. रिकामं आहे याची खात्री दोनदा करा, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. काही मॉडेल्समध्ये चांदणी जागच्या जागी किंचित हलते, त्यामुळे घरांत रिकाम्या पुंगळ्या घालूनच तपासायचं असतं. मी तसं केलं नव्हतं. दुसऱ्या कारागिराने केलं, तर दोन नंबर चक्क बरोबर निघाला. पाच नंबर मात्र तेव्हाही उशिराच बसत होता. पहिल्या दुरुस्तीवाल्यांना मी फक्त पाचचं कळवलं.