करंट किती, ते लिहून पाठव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यात दोन प्रश्न आहेत. घरच्या यंत्रमागाची मोटर सहा महिन्यांत दोनदा जळली, असं का होतं? आणि इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं की पुण्याला जाऊ, गेटचा म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करू, की एखादा कोर्स करून आयटीत जाऊ? दोन्ही प्रश्न तू तळमळीने विचारलेस. तरी आज मला एकाचंही उत्तर देता येत नाही, कारण पत्रात एकही आकडा नाही.

आधी मोटरीचं बघू. मोटरीच्या अंगावरची पाटी पुसून घे आणि तिच्यावर जे लिहिलंय ते सगळं वहीत उतरव. 1 एचपी, 415 व्होल्ट, 1440 आरपीएम असं काहीतरी असेल. त्यातला 1440 तू परीक्षेत कितीतरी वेळा लिहिला असशील. आपली वीज 50 हर्ट्झची आणि मोटर चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची, म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, 60 फेरे मागे राहतो. या मागे राहण्यालाच स्लिप म्हणतात, इथे चार टक्के. भार वाढला की रोटर आणखी मागे पडतो आणि करंट वाढतो. पाटीवर पूर्ण भाराचा करंट किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. आता वायरमनला बोलावून टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने, तिन्ही फेजचा (विजेच्या तिन्ही तारांचा) चालू करंट मोजून घे. पॅनल तू स्वतः उघडायचं नाहीस, 415 व्होल्ट चुकीला दुसरी संधी देत नाही. सकाळी माग सुरू केल्यावर एकदा, दुपारी तीनला एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं चार दिवस मोजा.

तिन्ही आकडे सारखे आणि पाटीपेक्षा जास्त आले, तर भार जास्त आहे. पट्टा फार ताणलाय का, बेअरिंग कोरडं पडलंय का, मागात कुठे घासतंय का, ते बघायचं. एक आकडा शून्य आणि बाकीचे दोन बरेच वाढलेले दिसले, तर एक फेज गेलेला आहे. यात फसायला होतं, कारण चालती मोटर फेज गेला तरी थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती रडतखडत फिरत राहते. त्या दोन गुंडाळ्यांतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि वायंडिंग आतून भाजत राहतं. एकदा बंद केली की मात्र ती पुन्हा सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. तुझे बाबा कधी म्हणाले होते का, की “मोटर नुसतीच आवाज करत होती”? विचार त्यांना, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव.

तिन्ही आकडे ठीक आले, तर मग हवा. साध्या मोटरीचं गणित भोवतालचं तापमान 40 अंश धरून केलेलं असतं. सोलापूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या पुढे जातो, आणि तुमचा कारखाना पत्र्याखाली आहे. त्यात सुताचे बारीक तंतू मोटरीच्या पंख्यात आणि अंगावरच्या पट्ट्यांमध्ये गोधडीसारखे बसतात. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम मी चाळीस वर्षांत खोटा ठरलेला पाहिला नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारतो. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचं सेटिंग कुणी वाढवलंय का? सोलापूरच्या पूर्व भागात मी बघितलेल्या जळक्या मोटरींमागे हे कारण वरचेवर निघालं. धोटा अडकला, रिले पडला, माग थांबला, रोजचे कापडाचे मीटर बुडाले. मग कुणीतरी स्क्रू फिरवतं. त्या माणसावर रागावू नकोस, त्याचं पोट मीटरवर आहे. पण सेटिंग किती अँपिअरवर आहे ते बघ आणि पाटीवरच्या आकड्याशेजारी लिही.

हे सगळं इतकं सविस्तर का लिहितोय, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, चिंचोळी एमआयडीसीतला एक कारखाना. 100 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचा लॉट होता आणि ड्रॉइंगवर h7 लिहिलेलं, म्हणजे वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे 35 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग मायक्रोमीटरने मोजला. सगळे मापात. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीत अख्खा लॉट लहान निघाला. मी भांडलो, मायक्रोमीटर दाखवला, वही दाखवली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी एवढंच विचारलं, “नग हातात धरवत होता का?” नव्हता धरवत. लेथवरून उतरलेला गरम नग सकाळच्या गार नगापेक्षा चाळीसेक अंशांनी तापलेला होता. पोलाद मीटरला, अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 100 मिलिमीटरला चाळीस अंशांचे झाले 46 मायक्रॉन. सगळी सूट 35ची आणि मी 46ने चुकलो होतो. हे सूत्र मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर पूर्ण मार्कही मिळाले होते. वहीत माप होतं, पण ते कधी आणि कोणत्या स्थितीत घेतलं, हे नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नोंदीशेजारी वेळ असते.

आता तुझा दुसरा प्रश्न. “पुण्याला जाऊ का?” हा प्रश्न “मोटर का जळते?” यासारखाच आहे. त्यालाही मोजमाप लागतं. तुमच्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेल्या तीन जणांना फोन कर. पगार किती, हे सगळेच विचारतात. तू विचार : हातात किती येतात, खोलीचं भाडं आणि डबा वजा जाता किती उरतात, आणि काल सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नक्की काय केलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. कुणी दिवसभर एक्सेलमध्ये दुसऱ्याचे आकडे भरत असेल, कुणी फिक्स्चर, म्हणजे मशीनवर नग पकडून ठेवायचं साधन, बनवत असेल. पदाचं नाव दोघांचं एकच असतं.

गेटचंही तसंच. 65 प्रश्न, 100 गुण, तीन तास. क्लासची फी भरण्याआधी मागच्या एका वर्षाचा पेपर घड्याळ लावून सोडव. चुकलेल्या प्रश्नांचे दोन ढीग कर, मुळात न समजलेले आणि समजूनही आकडेमोडीत गेलेले. पहिला ढीग मोठा असेल तर पुस्तक हवं, दुसरा मोठा असेल तर सराव. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरीत शिरलीस म्हणून ते दार लगेच बंद होत नाही.

आयटीला मी नावं ठेवणार नाही. ज्याला प्रोग्राम लिहायला खरंच आवडतं त्याने जावं. तुला आवडतं का, हे तुझ्या पत्रातून कळत नाही. “सगळ्या मैत्रिणी जातायत” असं तू लिहिलंस, ते कारण नव्हे. मोटरीच्या नोंदी साठवून आलेख काढणारा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिही. रात्री जेवणाची हाक ऐकू आली नाही इतकी त्यात रमलीस, तर मला कळव, मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन.

कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, महागडा कोर्स मात्र सध्या नको. सॉफ्टवेअर शिकावंच, पण 25 H7चं छिद्र म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर, आणि ती सूट तिथे का दिली, हे ज्याला सांगता येत नाही त्याचं सुंदर ड्रॉइंग शॉपमधून परत येतं. तो भाग कोर्समध्ये क्वचितच शिकवतात, चालू मशीनशेजारी उभं राहून तो कळतो.

आणि त्यासाठी सोलापूर सोडायलाच हवं असं नाही. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. गाळप हंगाम संपला की उन्हाळ्यात ओव्हरहॉलिंग चालतं, टर्बाइन उघडतात, बेअरिंगमधली फट मोजतात, मिलचे रोलर काढतात. त्या दोन महिन्यांत आत शिरायला मिळालं तर पगार न विचारता जा. अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना वर्षभर प्रशिक्षण घेता येतं, त्याची नोंदणीही करून ठेव. मुलगी म्हणून शॉपवर घेतील का, अशी शंका तू एका ओळीत लिहून खोडली आहेस. काही ठिकाणी खळखळ करतील, हे खरं आहे. तिथे वाद घालण्यात वर्ष घालवू नकोस, घेणारी जागा शोध. अशा जागा आहेत.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घ्यायचा विचार चाललाय, हे वाचून मला वाईट वाटलं. घरात चार माग आहेत, त्यातल्या एकाची मोटर दोनदा जळते, आणि तू प्रोजेक्ट विकत आणणार? चार मागांच्या मोटरींचा महिनाभराचा करंट, तापमान, रिलेचं सेटिंग, बंद पडलेले तास. याच्याइतका खरा प्रोजेक्ट तुझ्या वर्गात दुसरा नसेल. मुलाखतीच्या इंग्रजीची भीतीही त्यातूनच जाईल. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी आणि मुलाखतीत इंग्रजी ही कसरत आपल्या गावात कितीजणींना करावी लागते ते मला माहीत आहे. पण जे स्वतः मोजलंय ते मोडक्या इंग्रजीतही समोरच्याला पटतं. मोटर का जळली, हे इंग्रजीत दहा वाक्यांत लिहून दहा वेळा मोठ्याने म्हण.

आता घाईचं काम. दुसऱ्यांदा जळलेली मोटर अजून रिवाइंडिंगच्या दुकानात पडून आहे असं तू लिहिलंस. हे पत्र वाचल्याबरोबर तिकडे जा आणि जुनी तार काढू नका म्हणून सांग. झाकण उघडायला लावून दोन्ही बाजूंनी फोटो घे. अशा लहान मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं असतं. फेज गेला असेल, तर दोन फेजच्या गुंडाळ्या कोळशासारख्या आणि तिसरीच्या जवळजवळ नव्यासारख्या दिसतील. सगळीकडून सारखं काळं असेल, तर भार किंवा हवा. तार एकदा भंगारात गेली की हे सांगणारं दुसरं काही उरत नाही. रविवारी दहानंतर मी घरीच आहे. फोटो, वही आणि बाबांना घेऊन ये.

तुझा,
काका