शाळा आणि शहराचं प्रशासन मिळून मुलांसाठी नियोजन करायचं म्हणतात, पण सुरुवात नेमकी कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की तुमची शाळा आणि नगर प्रशासन यांनी तेरा ते अठरा वयाच्या मुलांच्या गरजांचं नियोजन एकत्र करायचं ठरवलं, पहिल्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्यानंतर सहा महिने काहीच हललं नाही. मी शिक्षिका आहे. अशाच एका संयुक्त समितीत शाळेच्या बाजूने सात वर्षं काम केलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: दोन्हीकडची वेळापत्रकं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. गाडं तिथेच अडतं.

शाळेचं वर्ष एका महिन्यात सुरू होतं, शहराचं अंदाजपत्रक वेगळ्याच महिन्यात पक्कं होतं. मुलं वर्षभर खपून नकाशे काढतात, सूचना लिहितात, शेवटच्या महिन्यात सादर करतात. तोवर पुढच्या वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात. आमच्या पहिल्या वर्षी हेच झालं. समोरच्या अधिकाऱ्यांनी मनापासून ऐकलं, पण त्यांच्या हातात द्यायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच मुलांना पुन्हा बोलावलं तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळचं काय झालं ते आधी सांगा ना." मला उत्तर देता आलं नाही. ते अजूनही बोचतं.

मग आम्ही क्रम उलटा केला. विभागांनी अंदाजपत्रकासाठी मागण्या पाठवायची शेवटची तारीख विचारून घेतली, तिथून चार महिने मागे मोजले आणि मुलांचं काम त्या आठवड्यात सुरू केलं. त्यासाठी भूगोलातलं नकाशावाचन आणि गणितातलं सांख्यिकीचं प्रकरण पुढेमागे करावं लागलं. दोन सहकाऱ्यांची नाराजी ओढवली, पण काम अभ्यासक्रमातच बसलं, वर बोजा म्हणून आलं नाही.

काम म्हणजे काय, तर चालणं. वर्गात बसून "तुम्हाला काय हवं?" विचारलं की मुलं जलतरण तलाव म्हणतात. रस्त्यावर नेलं की खरं ते बाहेर येतं. आमच्या शाळेजवळचा रस्ता २४ मीटर रुंद आणि चालणाऱ्यांचा हिरवा दिवा २० सेकंदांचा. वाहतूक विभागाच्या अभियंत्याचा हिशोब चोख होता: माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे, म्हणजे वीस सेकंद पुरतात. सातवीतली एक मुलगी स्टॉपवॉच घेऊन शाळा सुटायच्या वेळी तिथे उभी राहिली. कडेला साठ-सत्तर मुलांचा घोळका असतो, त्यामुळे शेवटच्या जोडीचा पाय रस्त्यावर पडेपर्यंतच अकरा सेकंद गेले होते. ती जोडी रस्त्याच्या मधोमध असताना दिवा लाल. मुलीने हे तीन दिवस मोजून आणलं. चौथ्या दिवशी अभियंता स्वतः दप्तरवाल्या मुलांच्या मागे शेवटच्या रांगेत उभा राहिला. शाळा सुटायच्या अर्ध्या तासापुरते सेकंद वाढवायला पैसा जवळजवळ लागलाच नाही. म्हणून पहिल्या वर्षी अशीच एखादी गोष्ट निवडा, जी त्याच वर्षात डोळ्यांना दिसेल.

दुसरी अडचण हद्दीची. शाळा म्हणते, फाटकाबाहेर आमची जबाबदारी नाही. शहर म्हणतं, मुलांचं काय ते शिक्षण खातं बघेल. मधले दोन-तीन तास, शाळा सुटल्यापासून घरी मोठं माणूस येईपर्यंतचे, कोणाच्याच वहीत नसतात. त्या वेळी मुलं जातात कुठे, हे तुमच्या समितीत किती जणांना सांगता येईल? आणि नेमकं त्याच वेळी शाळेच्या मैदानाला कुलूप असतं! ते उघडायचं तर लेखी करार करा आणि त्यात पाच गोष्टी स्पष्ट लिहा: किल्ली कोणाकडे, दिव्यांचं बिल कोण भरणार, झाडलोट कोणाची, कोणी पडलं-लागलं तर जबाबदार कोण, आणि शेजाऱ्यांची तक्रार आली तर फोन कोण उचलणार. आमचं मैदान दीड वर्ष फक्त चौथ्या मुद्द्यावर अडलं होतं.

मैदान उघडलं म्हणजे सगळ्यांना मिळालं, असंही समजू नका. व्हिएन्नामध्ये १९९०च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा दिसलं की वयाच्या नऊ वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं कमी होतं. मोकळी जागा मुलगे व्यापतात. १९९९ मध्ये तिथे दोन बागांमध्ये मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, पायवाटा वाढवल्या, आणि मुली परत दिसू लागल्या. आम्ही हे वाचून मुलींचा गट वेगळा बसवला. मुलगे असताना ज्या गप्प होत्या त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बसायला भिंतीला पाठ लागेल अशी जागा द्या आणि बाहेर पडायला दोन वाटा.

वरिष्ठांना उदाहरण हवं असतं. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात २००९ मध्ये नगर प्रशासन, शाळांचं मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून 'ग्रोइंग अप बोल्डर' हा उपक्रम सुरू केला. उद्यानं, रस्ते यांच्या आराखड्यांत तिथल्या मुलांनी वर्गातूनच भाग घेतला. बॉस्टनने २०१४ मध्ये १० लाख डॉलर कशावर खर्चायचे हे १२ ते २५ वयोगटाच्या मतदानावर सोडलं. आणि कोणी "मुलांना कशाला विचारायचं" म्हणालं तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १२वं कलम दाखवा. १९८९ पासून ते सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं गेलं पाहिजे. मात्र मुलांना स्टेजवर उभं करून फोटो काढणं म्हणजे ऐकणं नव्हे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये त्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत. आमचं पहिलं वर्ष तिसऱ्या, म्हणजे नावापुरत्या सहभागाच्या पायरीवर होतं असं मी आज म्हणेन.

येत्या बैठकीत दोन नावं लिहून घ्या, शाळेतलं एक आणि प्रशासनातलं एक, ज्यांच्या कामाच्या यादीत हे अधिकृतपणे असेल. बदली झाली तर ते काम पुढच्या माणसाकडे कागदोपत्री जायला हवं. आमच्याकडे एका बदलीत वर्ष वाया गेलं. आणि मुलांच्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट, आणि ते त्यांच्याच वर्गात, तेच शालेय वर्ष संपण्याआधी वाचून दाखवा.

एक राहिलंच. मुलं रोजच्या वाटेचे नकाशे काढतात त्यावर नाव आणि घर लिहू देऊ नका. आमच्या पहिल्या नकाशांवर दोन्ही होतं आणि ते आठवडाभर व्हरांड्यात लावलेले होते. एका आईने लक्षात आणून दिलं म्हणून कळलं. फक्त इयत्ता लिहा आणि वाट घरापासून नाही, जवळच्या चौकापासून काढायला सांगा.